पायाचे बलुतेदार

खोबरेल तेलाची नाहीतर शाम्पूची बाटली हातात घ्या. अंगठ्यानं झाकण उचलायचं, टक् आवाज होतो. तेल ओतायचं, पुन्हा टक्. त्या झाकणाला बिजागरी नाही, खिळा नाही, तार नाही. झाकण आणि बूड यांना धरून ठेवते ती त्याच प्लास्टिकची एक पातळ पट्टी, नखानं चाचपली तर जेमतेम लागेल एवढी. ती रोज वाकते आणि तुटत नाही. लहानपणी पक्कड हाताशी नसली की आपण तार कशी तोडायचो? एकाच जागी पुढं-मागं वाकवत राहायचं. काही वेळ वाकवली की तिथं गरम व्हायची आणि पटकन तुटून हातात यायची. लोखंडाची तार जिथं हात टेकते, तिथं हे झाकण बाटली रिकामी होऊन भंगारात गेली तरी शाबूत असतं.

या प्लास्टिकचं नाव पॉलिप्रॉपिलीन. पट्टी पहिल्यांदा वाकते तेव्हा तिच्या आतल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या ताणल्या जातात आणि विंचरलेल्या केसांसारख्या एका दिशेनं लागतात. एकदा लागल्या की पुढं कितीही वेळा वाकवा, त्या नुसत्या लवतात.

हे प्लास्टिक जन्माला आलं ते १९५४ साली, इटलीतल्या मिलानमध्ये. जुलिओ नाट्टा नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं प्रॉपिलीन वायूच्या रेणूंची साखळी ओवून दाखवली. साखळी ओवणं एकवेळ सोपं. अवघड होती ती शिस्त. प्रत्येक मण्याला एक छोटा फाटा असतो. हे फाटे कसेही, कुठल्याही बाजूला आले तर हाती लागतो चिकट गोळा. पण सगळे फाटे एकाच बाजूला आले, म्हणजे लेझीमच्या पथकात सगळ्यांचे हात एकदम एकीकडं झुकावेत तसे, तर साखळ्या एकमेकींना खेटून बसतात आणि टणक, हलकं, पाण्याला न जुमानणारं द्रव्य तयार होतं. नाट्टाला हे साधलं. १९६३ साली कार्ल त्सीग्लरबरोबर त्याला नोबेल मिळालं. तोवर पार्किन्सननं त्याला घेरलं होतं आणि समारंभात हालचालीसाठी त्याला दुसऱ्यांची मदत घ्यावी लागली. पुढं त्याच्या प्लास्टिकवर हजारो माणसं चालायला लागली, हे मनात आलं की मला त्या समारंभाचं चित्र आठवल्यावाचून राहत नाही.

कारण हेच पॉलिप्रॉपिलीन आज काबूलमधल्या एका ओव्हनमध्ये तापत असतं. बादल्या, खुर्च्या, सिमेंटची पोती, इंजेक्शनच्या सिरिंजा यांचा हा भाऊबंद. चार-पाच मिलिमीटर जाडीचा पत्रा साधारण १८० अंशांपर्यंत तापवला की तो अर्धपारदर्शक होतो आणि पापडाच्या लाटीसारखा लुळा पडतो. दोघंजण हातमोजे घालून तो उचलतात आणि प्लास्टरच्या एका ओंडक्यावर पांघरतात. कडा चिमटून जोडतात, खालून पंप आतली हवा ओढून घेतो आणि पत्रा त्या ओंडक्याला चामडीसारखा घट्ट बसतो. थंड झाला की आतलं प्लास्टर फोडून काढायचं. उरतं ते एक पोकळ भांडं. कुणाच्या तरी गुडघ्याखाली उरलेलं थोटूक ज्यात बसणार आहे, ते हे भांडं. यालाच सॉकेट म्हणतात.

लोक कृत्रिम पाय म्हटलं की पावलाकडं बघतात. जाणकार आधी सॉकेटकडं बघतो.

याचं कारण आपल्याच अंगावर आहे. तळव्याची कातडी वजन पेलायला घडलेली आहे, नडगीवरची नाही. नडगीवर नुसती टिचकी मारून बघा. तिथं हाडावर कातडी आणि मध्ये जवळपास काहीच नाही. पाय गुडघ्याखाली गेला की सगळं वजन या बिचाऱ्या कातडीवर येतं. साधं चालणं धरलं, दिवसाला एका पायाची तीन हजार पावलं, तरी वर्षाला अकरा लाख वेळा. म्हणून थोटकाचा प्लास्टरचा साचा घेतला की तो जसाच्या तसा वापरत नाहीत. त्यावर हातानं काम करतात. गुडघ्याच्या वाटीखाली जो स्नायुबंध आहे तो दाब सोसू शकतो. तिथं साच्यातलं प्लास्टर तासायचं, म्हणजे सॉकेट तिथं अंमळ आत येऊन वजन घेईल. हाडाचं टोक, नडगीची धार, बाहेरच्या बाजूचा उंचवटा या जागांना दाब सोसत नाही. तिथं साच्यावर प्लास्टरचा लेप चढवायचा, म्हणजे सॉकेट तेवढं फुगीर होऊन त्यांना मोकळं सोडेल. कुठं किती मिलिमीटर, हे पुस्तकात लिहिलेलं असतं आणि तरीही बोटांना कळावं लागतं. गणपतीच्या मूर्तीवर शेवटचा हात फिरवणारा कारागीर डोळे अर्धवट मिटून बोटं फिरवतो ना, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथं मूर्ती चुकली तर ती ज्याची त्यालाच रोज टोचते, आठ दिवसांत जखम होते, आणि पाय कोपऱ्यात उभा राहतो.

कोपऱ्यात उभा राहिलेला पाय ही या विषयातली जुनी गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडचीच आहे. १९६०च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिशल्यविशारद होते. पाय गमावलेल्यांना ते कृत्रिम पाय देत, आणि थोड्या दिवसांनी तीच माणसं कुबड्यांवर परत दिसत. पाय वाईट नव्हते. ते पाश्चात्त्य धाटणीचे होते. अमेरिकेत १९५०च्या दशकात घडलेल्या पावलाचे, ज्याचा घोटा पक्का असतो आणि टाचेत मऊ गादी असते. ते पाऊल बुटात घालण्यासाठी बनलेलं होतं. बूट घातलेला माणूस खुर्चीवर बसतो, कमोड वापरतो, डांबरी रस्त्यावर चालतो. जयपूरच्या आसपासचा शेतकरी मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो, देवळात अनवाणी जातो. त्याच्या पायाला यातलं काहीच जमत नव्हतं. बूट चिखलात भिजायचा आणि पाऊल कुजायचं.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते, सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शाळा बेताची, हात मात्र सोन्याचे. सायकल पंक्चर झाली म्हणून दुकानापाशी थांबले, तिथं ट्रकच्या टायरला नवं रबर चढवताना पाहिलं आणि डोक्यात उजेड पडला, अशी हकीकत सांगतात. रबर उष्णतेनं पक्कं करण्याच्या त्या पद्धतीनं त्यांनी आणि सेठींनी पाऊल घडवलं. आत स्पंजी रबराचे ठोकळे, थोडं लाकूड, आणि वरून मानवी पावलाच्या आकाराचं पक्कं रबर, बोटांसकट. या पावलाला घोटा नावाचा वेगळा सांधा नाही, पण रबर वर-खाली, आत-बाहेर, सगळीकडं थोडं थोडं झुकतं. माणूस उकिडवा बसू शकला. अनवाणी चालू शकला. झाडावर चढलेल्यांचीही छायाचित्रं आहेत.

आपल्याकडं ‘जयपूर फूट’ हा शब्द घरोघरी पोचला तो बहुधा नृत्यामुळं. मुंबईच्या सुधा चंद्रन यांचा पाय १९८१च्या अपघातानंतर कापावा लागला, आणि त्या जयपूर फूट बांधून भरतनाट्यम नाचल्या; ‘नाचे मयूरी’ हा सिनेमा त्यावरच. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी या पावलाचं पेटंट घेतलं नाही. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीनं हे पाऊल लाखो माणसांपर्यंत नेलं, तेही फुकट आणि बरेचदा एका दिवसात. पावलाच्या वर नळी हवी, ती आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असायची. नंतर पाण्याच्या पाइपांचं प्लास्टिक आलं. शेतात बोअरचं पाणी ज्या जातीच्या पाइपातून येतं, त्याच जातीचा तुकडा तापवून, थोटकाच्या साच्यावर ओढून केलेला पाय. तालुक्याच्या गावी ‘मोफत जयपूर फूट शिबिर’ असा फलक पाहिला नाही असा मराठी माणूस विरळा.

इथपर्यंत ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते. माझं कुतूहल पुढच्या प्रश्नापाशी अडलं. शिबिर आटोपून मंडप निघाल्यावर पुढं काय होतं?

साधा हिशोब मांडू. दहा वर्षांचा मुलगा आहे, सुरुंगावर पाय पडला. मुलाची हाडं वाढतात, कृत्रिम पाय वाढत नाही. अठराव्या वर्षापर्यंत वर्षाला एक नवा पाय धरला तर आठ झाले. काही मुलांना तर सहा महिन्यांतच बदलावा लागतो. त्यानंतर पाय तीन-चार वर्षं टिकतो. साठीपर्यंत आणखी दहा ते चौदा. म्हणजे या एका मुलाला जन्मभरात वीसेक पाय लागणार. मधल्या दुरुस्त्या वेगळ्या: पट्टा तुटला, पावलाचं रबर फाटलं, आतलं मऊ अस्तर बसलं. थोटूकसुद्धा स्वस्थ बसत नाही. ते पहिल्या वर्षात बारीक होतं, दिवसभरातही सकाळी असतं त्याहून संध्याकाळी किंचित आक्रसतं. मग सुती मोजा एकावर एक चढवायचा. मुलांच्या बाबतीत तर कापलेलं हाड आतून टोकदार वाढत राहतं आणि कातडी फाडू पाहतं. मग पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा साचा, पुन्हा सॉकेट.

म्हणजे पाय ही एकदा देऊन टाकायची चीज नाही. तो शेतकऱ्याच्या अवजारासारखा आहे. आपल्या जुन्या गावगाड्यात नांगर विकत घेऊन संपत नसे. दर हंगामाला सुताराकडं जायचं, फाळ शेवटायला लोहाराकडं, मोट फाटली की चांभाराकडं. त्या बदल्यात खळ्यावर त्यांचं बलुतं ठरलेलं. या व्यवस्थेत जातीची जी मगरमिठी होती तिचं गुणगान मला करायचं नाही. कुणाचा हात कुणाला लागायचा हेही तीच ठरवायची. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेला कळलेली होती. वापरायची वस्तू आणि ती दुरुस्त करणारा माणूस या दोन गोष्टी एकाच गावात राहाव्या लागतात. कृत्रिम पायाला अनुदान, दाते, शिबिरं मिळतात. त्याला हवा असतो तो बलुतेदार, आणि तोच नेमका गरीब देशात नसतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की अशा साधनांची गरज असलेल्या दहा माणसांपैकी जेमतेम एकाला ती मिळतात.

अफगाणिस्तानात हा बलुतेदार घडवायला किती वर्षं लागली ते पाहण्यासारखं आहे. १९८८ साली आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीनं काबूलमध्ये पायांचं केंद्र सुरू केलं. सोव्हिएत फौजा अजून देशात होत्या आणि जमिनीत पेरलेले सुरुंग कुणाच्याच हिशोबात नव्हते. १९९० साली अल्बेर्तो काइरो नावाचा इटालियन फिजिओथेरपिस्ट तिथं आला. आधी वकील होता, मग व्यवसाय बदलला. तो तिथंच राहिला. तीन दशकांहून जास्त.

काइरोनं स्वतः जाहीर भाषणात सांगितलेला एक प्रसंग आहे. यादवीचे दिवस, काबूलवर तोफगोळे पडत होते. केंद्र बंद केलेलं होतं. युद्धात आधी जखमा आणि भूक, पाय नंतर, असा सगळ्यांचा समज. रस्त्यावर लोक सैरावैरा पळत होते आणि मधोमध एक माणूस चाकांच्या खुर्चीत अडकला होता. दोन्ही पाय नाहीत, हात एकच. मागून त्याचा लहान मुलगा खुर्ची ढकलत होता, तोंड लालबुंद. चौकशी केल्यावर कळलं, तो भीक मागायला बाहेर पडला होता आणि पाय त्याला कधी मिळालेच नव्हते, कारण केंद्र बंद. केंद्र उघडलं गेलं. त्याला पाय मिळाले. ते घालून उभा राहिल्यावर त्यानं काम मागितलं. एका हाताच्या माणसाला कार्यशाळेत काय काम देणार? त्याला सुट्या भागांच्या कामावर बसवलं, आणि उत्पादनाचे आकडे घटण्याऐवजी वाढले.

तिथून केंद्राची रीत पालटली. भरती करताना अपंगालाच आधी घ्यायचं. आज अफगाणिस्तानातल्या रेडक्रॉसच्या सात केंद्रांमध्ये काम करणारे बहुतेक सगळे कधीकाळचे रुग्णच आहेत. साचा घेणारा, ओव्हनपाशी उभा असणारा, सांधा जुळवणारा, दारावरचा पहारेकरी, स्वयंपाकी. काबूल, मजार-ए-शरीफ, हेरात, जलालाबाद, गुलबहार, फैजाबाद, लश्करगाह. ही माणुसकी तर आहेच, पण मला त्यात एक कावेबाजपणाही दिसतो, चांगल्या अर्थानं. सॉकेट कुठं टोचतंय हे रुग्णाला नेमकं सांगता येत नाही. नुसतं ‘दुखतं’ म्हणतो. ज्यानं स्वतः वीस वर्षं सॉकेट घातलंय त्याला ते अर्ध्या वाक्यात कळतं. नव्यानं पाय गमावलेला तरुण दोन समांतर दांड्यांमध्ये उभा राहून घामाघूम होत असतो, तेव्हा समोरचा शिकवणारा विजारीचा पाय वर करून दाखवतो. पुढं समजावण्याची फारशी गरज पडत नाही. आणि असा माणूस नोकरी सोडून परदेशात जाण्याची शक्यताही कमीच.

सुरुवातीला तिथं युद्धात जखमी झालेल्यांनाच घेत. नंतर दार सगळ्यांना उघडलं, आणि मग कळलं की पाय कापलेली माणसं ही रांगेचा एक भाग आहेत, सगळी रांग नव्हे. पोलिओ अजून ज्या दोन देशांतून हटलेला नाही त्यातला एक अफगाणिस्तान. जन्मतःच आत वळलेल्या पावलाची बाळं, मेंदूच्या विकारानं स्नायू आखडलेली मुलं, पाठीचा कणा दुखावलेले मजूर. या सगळ्यांना पाय असतात, पण ते ऐकत नाहीत. त्यांना लागतं ते कॅलिपर, ब्रेस, आधार. १९८८पासून या केंद्रांनी नोंदवलेली माणसं दोन लाखांवर गेली आहेत.

इथं आपली तेलाची बाटली परत येते. पोलिओनं किंवा मज्जातंतूच्या दुखापतीनं ज्याचं पाऊल लोंबतं, त्याला चालताना बोटं जमिनीला घासतात. पूर्वी त्याला बुटाला जोडलेल्या लोखंडी सळ्या आणि चामड्याचे पट्टे देत, चांगले वजनदार. आता पोटरीमागून तळव्याखालपर्यंत पॉलिप्रॉपिलीनचा एकच पातळ साचा बसवतात. घोट्यापाशी तो थोडा जास्त कापून अरुंद ठेवला की तिथं तो प्रत्येक पावलागणिक वाकतो आणि पाऊल आपसूक वर उचलून धरतो. ना सांधा, ना स्प्रिंग, ना तेलपाणी. मोजा आणि चप्पल त्यावरून घालता येते. झाकणाच्या पट्टीतली करामत माणसाच्या घोट्यावर आली.

पॉलिप्रॉपिलीनचे पाय बनवण्याची ही पद्धत रेडक्रॉसनं १९८०च्या दशकाच्या अखेरीस बसवली. कंबोडिया हे तिचं एक पाळणाघर. ख्मेर रूजच्या राजवटीनंतर तिथं शिकलेली माणसंच उरली नव्हती आणि भातखाचरांमध्ये सुरुंग मात्र होते. श्रीमंत देशांत सॉकेट बनतं रेझिनचं आणि कार्बन-धाग्यांचं. रेझिन ठरावीक महिन्यांत वापरावं लागतं, त्याची वाफ नाका-डोळ्यांना झोंबते, घासताना उडणारी धूळ घातक, आणि एकदा पक्कं झालं की त्याचा आकार बदलत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिला तरी बिघडत नाही. सॉकेट एके ठिकाणी टोचलं तर गरम हवेच्या बंदुकीनं तेवढाच भाग मऊ करून बाहेर ढकलायचा. तुकडे एकमेकांना वितळवून जोडता येतात. कातरलेले उरलेले तुकडे दळून पुन्हा वापरता येतात. राजधानी नॉम पेन्हच्या कारखान्यात सांधे, गुडघे, पावलं बनू लागली आणि देशभरातल्या कार्यशाळांना जाऊ लागली. २००४ साली कृत्रिम अवयवांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं या पद्धतीला ब्रायन ब्लॅचफर्ड पुरस्कार दिला.

सगळं गोड नाही. या पायांना जे फोमचं पाऊल बसवत, त्यातलं पॉलियुरेथेन उष्ण-दमट हवेत भुसभुशीत होऊन लवकर फाटायचं. मग रबराच्या पावलांकडं पुन्हा वळावं लागलं, म्हणजे फिरून मास्टरजींच्याच वाटेवर. उलट जयपूरच्या पावलाची अडचण वेगळी. पेटंट नाही म्हणून कुणीही बनवावं, आणि म्हणून एकाचं पाऊल पाच वर्षं टिकतं तर दुसऱ्याचं पावसाळ्यात उसवतं. १९९५ साली या विषयातले जाणकार नॉम पेन्हमध्येच जमले होते, गरीब देशांसाठी कुठली पद्धत योग्य यावर बोलायला. त्या काळी काही केंद्रं झटपट पायांच्या बाजूची, काही सावकाश आणि पक्क्या पायांच्या. दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं होतं. दोनशे मैलांवरून आलेल्या माणसाला ‘तीन आठवडे थांब’ म्हणायचं, तर त्याची शेती कोण बघणार? आणि एका दिवसात दिलेला पाय महिनाभरानं थोटूक आटल्यावर खुळखुळू लागला, तर त्यानं परत कुठं जायचं? मला वाटतं झटपट पाय वाईट नसतो. तो देणारा दुसऱ्या दिवशी तिथं नसतो, दुखणं खरं ते आहे. ज्या गावात ज्या दिवशी शिबिर झालं त्या गावात पुढच्या वर्षी त्याच दिवशी तोच माणूस परत आला, तर अर्धा प्रश्न सुटेल.

वापरून टाकलेले महागडे पाय श्रीमंत देशांतून पेट्या भरून पाठवणं, ही तर दानशूरपणाची फारच हौशी तऱ्हा. एका कंपनीचा स्क्रू दुसरीच्या नळीत बसत नाही, गुडघ्यातलं तेल गळतं, सुटा भाग मागवायचा तर पाय मिळालेल्या माणसाच्या वर्षाच्या कमाईएवढा खर्च. असे पाय कपाटात पडून राहतात.

मग बलुतेदार घडवायचा कुठं? टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी गावात १९८१ साली या विद्येची शाळा निघाली आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांतून मुलं तिथं शिकायला येऊ लागली. नॉम पेन्हमध्ये १९९४ साली निघाली. आपल्याकडं मुंबईत हाजीअलीपाशी समुद्राकडं तोंड करून असलेली सरकारी पुनर्वसन संस्था ही विद्या शिकवते. तिथल्या लिफ्टपाशी लोकलनं पाय नेलेली माणसं आणि वही सावरत धावणारे विद्यार्थी एकमेकांना वाट देतात. शिक्षण काही वर्षांचं असतं. शरीररचना, वजनाचं विज्ञान, द्रव्यं, आणि सगळ्यात जास्त वेळ प्लास्टरच्या ढिगात. शाळेतून बाहेर पडणारं एकेक माणूस पुढची तीसेक वर्षं हजारो पाय बनवतं. कारखान्यातल्या फार थोड्या यंत्रांना एवढं आयुष्य असतं.

पण हेही पुरतं नाही. हा विषय पैशाचा वाटतो आणि असतो स्पर्शाचा, ते अफगाणिस्तानात फार उघड दिसतं. मांडीचा साचा घ्यायचा म्हणजे ओलं प्लास्टर मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरायचं. बाईच्या मांडीचा साचा पुरुष घेणार नाही, घेऊ देणार नाहीत. म्हणून केंद्रांत बायकांचा विभाग वेगळा, आणि तिथं काम करणाऱ्या सगळ्या बायका, त्यांतल्याही कित्येक पूर्वीच्या रुग्ण. २०२१ साली तालिबान परत सत्तेवर आले, तरी हे विभाग चालू राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये मुलींना परिचर्या आणि प्रसूतिविद्येसारखं वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या संस्थाही बंद करण्याचा हुकूम निघाला. आज ओव्हनपाशी उभी असणारी बाई पन्नाशीची झाली की तिच्या हाताखाली कुणी नसेल, तर पत्रा असेल, ओव्हन असेल, पैसाही असेल, आणि मांडीला हात लावणारी कुणी नसेल.

केंद्रांनी आणखी एक काम अंगावर घेतलं, जे कृत्रिम पायांच्या पुस्तकात सापडत नाही. बरे होऊन गेलेल्यांना बिनव्याजी छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली. त्यातून कुणाचं किराणा दुकान, कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या दोन बकऱ्या. पाय मिळाला, आणि जायला कुठं नसलं तर तोही कोपऱ्यातच उभा राहतो.

पाय न्यायला आलेल्या माणसाला तिथं एक सूचना दिलेली असते, जी आपल्या चांभारालाही सांगावी लागत नाही: नवा पाय घ्यायला येताना जुना बरोबर आण. मोडला असला तरी आण, पाऊल फाटलं असलं तरी आण. माणूस डोंगरातून बस बदलत येतो, काखेत फडक्यात गुंडाळलेला जुना पाय. समोरचा तो हातात घेतो, उलटा करतो आणि आधी तळवा बघतो. बाहेरच्या कडेला जास्त झिजलाय, म्हणजे कलून चालतोस. टाचेवर खडे रुतलेत, म्हणजे उतारावर शेत आहे. आत अस्तराला डाग पडलाय, म्हणजे महिनाभर जखम होती आणि तू बोलला नाहीस. एवढं वाचून झाल्यावर तो मान वर करतो, स्टूल पुढं ओढतो, आपला प्लास्टिकचा पाय लांब करून बसतो आणि प्लास्टरची पट्टी पाण्यात भिजवतो.